भाड्याने आणलेले पंधरा दिवस

भाड्याने वस्तू आणण्याचा व्यवहार आमच्या पिढीला नवा नाही. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल वेळेत परत करण्यासाठी केलेली धावपळ अनेकांना आठवत असेल. 1980 च्या दशकात गल्लीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी आणला जाई आणि त्या एका रात्रीत तीन चित्रपट पाहून होत. पहिल्या चित्रपटाला सतरंजीवर जागा नसे, तिसऱ्याला निम्मी मंडळी तिथेच झोपलेली असत. भाड्याच्या वस्तूचा एक गुण असा, की ती परत जाणार हे ठाऊक असल्यामुळे घरातली माणसे तिच्याभोवती एकत्र जमतात. विकत घेतलेली वस्तू हळूहळू एकाच्या मालकीची होऊन त्याच्या खोलीत जाते.

यंदाच्या आषाढात आमच्या साताऱ्याच्या घरी अशीच एक भाड्याची वस्तू आली. पुण्यात नोकरी करणारी कन्या पंधरा दिवस घरून काम करण्यासाठी येणार होती. येताना तिने प्लेस्टेशन 5 हे व्हिडिओ गेमचे कन्सोल, दोन कंट्रोलर आणि दोन खेळांच्या चकत्या पंधरवड्याच्या भाड्याने आणल्या. हे यंत्र नवे घ्यायचे तर पन्नास हजारांच्या घरात जाते आणि एकेका खेळाला काही हजार रुपये पडतात. त्यामुळे हल्ली मोठ्या शहरांतली तरुण मुले ते असे भाड्याने घेतात.

मी त्यात लक्ष घालण्याचे कारण माझा व्यवसाय. दवाखान्यात व्हिडिओ गेमचा विषय दोन टोकांनी येतो. एकीकडे आजी-आजोबा नातवाला घेऊन येतात आणि त्याच्यादेखत सांगतात, ‘डॉक्टर, हा दिवसभर त्या खेळात असतो, जरा समजावा.’ दुसरीकडे निवृत्त वडिलांची काळजी घेणारा मुलगा हळूच विचारतो, ‘बाबांच्या मेंदूला व्यायाम म्हणून गेम आणून देऊ का?’ दोघांनाही मी वाचलेले सांगत आलो आहे. हातात कंट्रोलर धरून पाहिल्यावर छप्पन्न वर्षांच्या शरीराला काय वाटते, हे मात्र अनुभवायचे राहिले होते. म्हणून रक्तदाबाचे यंत्र शेजारी ठेवून मी रोज संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर कन्येच्या बाजूला बसू लागलो.

यात आणखी एक गोष्ट होती. माझे वडील जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. ब्याऐंशी वर्षांची आई तेव्हापासून आतल्या खोलीत असे. जेवण निम्म्यावर आले होते, बोलणे त्याहून कमी. थायरॉइड, ब जीवनसत्त्व-12, हिमोग्लोबिन, कानांची तपासणी, औषधांचे दुष्परिणाम, हे सारे मी पाहिले होते आणि मनोविकारतज्ज्ञ मित्राचाही सल्ला घेतला होता. त्याच्या मते हा शोक होता, आजार नव्हे. लक्ष ठेवायचे आणि एकटे पडू द्यायचे नाही, एवढेच त्याने सांगितले. सांगायला ते सोपे होते, पण आई बाहेरच्या खोलीत येतच नव्हती.

दोन अंगठ्यांची शाळा

सुरुवात झाली ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ या खेळाने. 2020 मध्ये हे यंत्र बाजारात आले, तेव्हापासून हा खेळ त्यात आधीच भरलेला असतो, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. एक छोटा पांढरा यंत्रमानव उड्या मारत, नाणी गोळा करत पुढे जातो. लढाई आहे, पण ती खेळण्यांची, आणि रक्ताचा थेंबही नाही.

कंट्रोलरचे वजन जेमतेम 280 ग्रॅम. त्यावर दोन अंगठ्यांसाठी दोन छोटे दांडे, उजवीकडे चार बटणे, डावीकडे दिशांची बटणे आणि मागे तर्जनीसाठी प्रत्येक बाजूला दोन-दोन कळा. डाव्या अंगठ्याने पात्र चालवायचे आणि उजव्या अंगठ्याने त्याची दृष्टी फिरवायची. नवख्याला नेमके हेच जमत नाही. रस्त्याने चालताना आपण मान कधी वळवतो आणि पाय कधी, याचा हिशोब आपण ठेवत नाही, कारण मेंदू ती दोन्ही कामे आपसूक जुळवतो. इथे ती दोन अंगठ्यांवर वाटून दिलेली असल्यामुळे पहिला अर्धा तास माझा यंत्रमानव भिंतीकडे तोंड करून चालत होता. कन्या हसत होती आणि मला स्वयंपाकघरातूनही हसण्याचा आवाज आला.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र अंगठे आपोआप फिरू लागले. काय केले म्हणून जमले, हे मला शब्दांत सांगता आले नसते. सायकल, पोहणे, विणकाम यांचे शिक्षण असेच असते. ही कृतीची स्मृती मेंदूतल्या लहान मेंदू आणि तळगंडिका या भागांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. नावे आणि प्रसंग लक्षात ठेवणारी यंत्रणा तिच्याहून वेगळी आहे. म्हणूनच स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात नातवाचे नाव विसरणारी आजी पोळ्या तितक्याच गोल लाटते. वृद्ध माणसाला नवे काही शिकवताना तोंडी सूचनांपेक्षा हाताला पुन:पुन्हा करू देणे अधिक उपयोगी पडते, ते याच कारणाने. वयानुसार शिकण्याला वेळ अधिक लागतो, पण शिकणे थांबत नाही.

या कंट्रोलरमध्ये बारीक कंपनांची सोय आहे. खेळात पाऊस पडू लागला की तळहातांवर थेंब टपटपल्यासारखे वाटते, वाळूतून चालताना खरखर जाणवते. एका ठिकाणी पंखा फिरवण्यासाठी कंट्रोलरवर चक्क फुंकर मारावी लागते. चहा द्यायला आलेल्या पत्नीने तो हातात घेतला आणि पावसाचा तो भाग पुन:पुन्हा खेळून पाहिला. बाहेर खरा पाऊस कोसळत होता, ती गोष्ट वेगळी.

बारा मिनिटांत मळमळ

दुसरा खेळ ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’, 2018 चा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या उंच इमारतींमधून कोळ्याच्या धाग्याला लटकून झोके घेत जायचे आणि गुंडांशी चार हात करायचे. चित्रण विलक्षण आहे. मावळतीचे ऊन काचेच्या इमारतींवर पडलेले असते आणि त्यातून आपण खाली झेपावतो. बाराव्या मिनिटाला मला घाम फुटला, तोंडाला पाणी सुटले आणि पोटात ढवळू लागले. मी कंट्रोलर खाली ठेवला.

याला गतीचा त्रास म्हणतात. महाबळेश्वरच्या घाटात बस लागते तो प्रकार आणि हा प्रकार एकाच घराण्यातले. आंतरकर्णातले तोल सांभाळणारे अवयव आणि डोळे यांच्या साक्षी जुळल्या नाहीत की हा त्रास होतो. पुस्तक वाचत घाट चढताना कान सांगतात की आपण हलतो आहोत आणि डोळे सांगतात की पान स्थिर आहे. खेळात याच्या उलट होते. डोळे सांगतात की आपण उंचावरून कोसळतो आहोत आणि कान सांगतात की आपण सोफ्यावर बसलो आहोत. मळमळ वाटताच खेळ थांबवावा, खिडकी उघडावी, दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. पुढच्या वेळी पडद्यापासून लांब बसावे, खोलीत दिवा लावावा, खेळाच्या सेटिंग्जमध्ये दृश्य धूसर होण्याचा आणि थरथरण्याचा परिणाम बंद करता येत असेल तर तो करावा आणि आरंभ पाच मिनिटांनी करावा. ‘सहन करत राहा, सवय होईल’ हा सल्ला ज्येष्ठांना देऊ नये. ज्यांना मुळात चक्कर येते किंवा तोल जातो, त्यांनी असा वेगवान खेळ टाळलेलाच बरा, कारण त्यानंतर उठताना पडण्याचा धोका राहतो.

दुसऱ्या दिवशी पाच-पाच मिनिटे खेळून मी माझी मोजमापे घेतली. आधी नाडी 76 आणि रक्तदाब 128/80 होता. एका चकमकीनंतर नाडी 102 आणि रक्तदाब 144/86 झाला. दहा मिनिटे शांत बसल्यावर दोन्ही पूर्ववत आले. एका माणसाच्या आकड्यांवरून कोणताही नियम काढू नये. पण हा खेळ बसून खेळला जात असला तरी हृदयाच्या दृष्टीने ती विश्रांती नसते, एवढे यातून ध्यानात यावे. ज्यांना अलीकडे छातीत दुखले आहे, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आहे किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज चकमकीचे खेळ खेळू नयेत.

मधुमेहींसाठी एक सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. खेळाच्या भरात धडधडते, हात थरथरतात, घाम येतो. रक्तातली साखर उतरल्यावर दिसणारी लक्षणेही हीच. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस ‘खेळाची मजा’ समजून बसून राहील आणि जेवणाची वेळ टळेल. म्हणून असा खेळ जेवणाआधी खेळू नये, आणि अशी लक्षणे दिसली तर आधी साखर तपासावी.

अस्थींची गोष्ट

तिसरा खेळ आणावा की नाही, याबद्दल कन्येच्या मनात शंका होती. ‘गॉड ऑफ वॉर’ हा 2018 चा खेळ प्रौढांसाठी आहे. त्यात कुऱ्हाडीने केलेली मारामारी आहे आणि ती सौम्य नाही. घरात लहान मूल असते तर मी तो लावू दिला नसता. खेळाच्या वेष्टनावर वयाची मर्यादा छापलेली असते. पंधरा वर्षांच्या नातवाच्या हातात अठरा वर्षांवरील खेळ दिसला तर आजी-आजोबांनी जरूर विचारावे, इंग्रजी येत नसले तरी तो आकडा वाचता येतो.

खेळ सुरू झाला. बर्फाळ अरण्यात एक दाढीवाला धिप्पाड पुरुष झाड तोडतो. झाड चितेसाठी आहे. कापडात गुंडाळलेला देह तो उचलून चितेवर ठेवतो, शेजारी त्याचा लहान मुलगा उभा आहे. पुढे तो राख एका पिशवीत भरून कमरेला बांधतो. सर्वांत उंच शिखरावरून आपली राख सोडावी, ही त्या गेलेल्या स्त्रीची अंतिम इच्छा. बाप आणि मुलगा त्या शिखराकडे निघतात, आणि पुढचा सगळा खेळ म्हणजे हा प्रवास आहे.

स्क्रीनवर चिता पेटली तेव्हा दाराशी आई उभी होती. पाणी प्यायला आली असावी.

‘‘कोण गेलं गं त्यांचं?’’ तिने विचारले.

‘‘त्याची बायको, आजी. त्या मुलाची आई.’’

आई खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मग अस्थी कुठं नेणार?’’

‘‘सगळ्यांत उंच डोंगरावर. तिची तशी इच्छा होती.’’

‘‘लांबचा रस्ता असणार,’’ आई म्हणाली आणि बसून राहिली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसातला ती आपण होऊन बाहेर येऊ लागली. राक्षस आले की ती मान फिरवी आणि म्हणे, ‘‘मारामारी संपली की सांग.’’ कन्या खेळे आणि पात्रांचे बोलणे मराठीत सांगे. अडेल तिथे कंट्रोलर माझ्याकडे येई आणि मी हरलो की परत जाई. सर्वांत सोपी पातळी निवडलेली असूनही मी पुष्कळदा हरलो. मधल्या वाटा आणि उपकथा कन्येने सोडून दिल्या, कारण आजीला मुक्काम गाठण्याची घाई होती. दिवसा एखाद्या वेळी ती विचारी, ‘‘आज पोचतील का?’’

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने त्या बापाचे निदान केले. तो मुलाशी फारच तुटक बोलतो. आई म्हणाली, ‘‘दुःख त्यालाही झालंय. पण पोराला ते दिसत नाही. पोराला वाटणार, बापाला काहीच वाटलं नाही.’’ खोलीत कुणी काही बोलले नाही. आमच्या घरातही वडिलांचा विषय निघाला की प्रत्येक जण दुसऱ्याला त्रास नको म्हणून बोलणे दुसरीकडे वळवत असे. शोकात असलेल्या कुटुंबांमध्ये हे नेहमी घडते. त्यामागे माया असते, पण ज्याच्यासाठी गप्प राहायचे त्याला ती माया कळत नाही.

त्याच रात्री आईने मला विचारले, ‘‘तुम्ही माहुलीला गेलात, तेव्हा नदीला पाणी होतं का रे?’’ वडिलांच्या अस्थी आम्ही संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमात सोडल्या होत्या. घाटाच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नसल्यामुळे ती घरीच थांबली होती. मी सांगू लागलो. पाणी गढूळ होते, पाऊस थांबला होता, पायऱ्यांवर शेवाळ होते, धाकट्याचा पाय घसरला होता. ती एकेक तपशील विचारत होती. कलश कुणी धरला होता, गुरुजी कोण होते, परतताना चहा कुठे घेतला. दहा महिन्यांत तिने हे विचारले नव्हते. त्या दिवशी ती अठ्ठावन्न वर्षांच्या संसारातल्या गोष्टी अकरा वाजेपर्यंत सांगत बसली. सकाळी न्याहारीला तिने दुसरी भाकरी मागून घेतली.

चौदाव्या संध्याकाळी ते बाप-लेक शिखरावर पोहोचले. दोघांनी मिळून राख वाऱ्यावर सोडली. आईने हात जोडले. मग कन्येला म्हणाली, ‘‘दमली असशील बाळ, जेवून घे आता.’’ पुढच्या रविवारी आम्ही तिला गाडीने माहुलीला, बसल्या जागेवरून संगम दिसेल तिथपर्यंत नेले. यंत्र त्याआधीच पुण्याला परत गेले होते.

याचा अर्थ व्हिडिओ गेम हे शोकावरचे औषध आहे असा कुणी घेऊ नये. वडिलांचे एखादे जुने पत्र किंवा शेजारच्या घरातला एखादा प्रसंगही हे करू शकला असता. या खेळात एक कथा होती, ती रोज थोडी पुढे सरकत होती आणि तीन पिढ्या एकाच पडद्याकडे पाहत होत्या. अनोळखी माणसाच्या अस्थींविषयी बोलणे सोपे असते आणि तिथून आपल्या माणसापर्यंतची वाट जवळची असते. मात्र शोकाला महिने उलटल्यावरही वजन उतरत राहिले, झोप पार उडाली, ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द वारंवार येऊ लागले किंवा माणूस अंघोळ-जेवणही टाळू लागला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नये. वृद्धांमधले नैराश्य हा वयाचा भाग नसून उपचार करण्याजोगा आजार आहे.

संशोधन काय सांगते

मेंदूच्या व्यायामाविषयी आता थोडे. चकमकीच्या खेळांमुळे दृष्टीचे अवधान सुधारू शकते, असे शोन ग्रीन आणि डॅफ्ने बावेलिए यांनी 2003 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. ते प्रयोग तरुणांवर होते. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अ‍ॅडम गॅझली यांच्या गटाने 60 ते 85 वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा एक खास बनवलेला खेळ महिनाभर दिला. रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि त्याच वेळी ठराविक चिन्ह दिसताच बटण दाबायचे, असा तो खेळ होता. दोन कामे एकत्र करण्याची त्यांची क्षमता वाढली आणि सहा महिन्यांनंतरही तो फायदा टिकून होता. 2017 मध्ये कॅनडातील संशोधकांनी 55 ते 75 वयाच्या व्यक्तींना सहा महिने ‘सुपर मारिओ 64’ हा खेळ दिला, तेव्हा स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात वाढ दिसली.

हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण अशा अभ्यासांतली माणसे थोडी होती. प्रयोगासाठी बनवलेला खेळ आणि बाजारातला खेळ यांत फरक असतो, आणि खेळात पटाईत झालेला माणूस औषधांच्या वेळाही चांगल्या लक्षात ठेवील, असे आपोआप होत नाही. स्मृतिभ्रंश टाळण्याची खात्री देऊन कुणी खेळ विकत असेल तर पैसे देऊ नयेत. रोजचे चालणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र लावणे आणि माणसांत राहणे यांचा आधार कितीतरी भक्कम आहे. खेळ त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही.

दुसरी बाजूही आहे. व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते, हे 1998 मध्ये मेंदूच्या पेट चित्रणातून दिसले. मजा येते आणि थांबवत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंगचा विकार’ समाविष्ट असून ते वर्गीकरण 2022 पासून लागू आहे. मात्र केवळ तास मोजून हे निदान होत नाही. खेळावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान होत असूनही तो चालू राहणे, असे साधारण वर्षभर दिसले तर त्याला विकार म्हणतात. सुट्टीत चार दिवस खेळलेला नातू आजारी नसतो.

कंपवाताच्या रुग्णांच्या काळजीवाहकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना जुगार, खरेदी अशा गोष्टींचा अनावर ओढा लागू शकतो. अशा व्यक्तीच्या हातात पैसे भरून पुढे जाण्याचा खेळ देऊ नये आणि बँकेचे कार्ड यंत्रात साठवून ठेवू नये. असा ओढा दिसला तर औषध आपण होऊन बंद न करता डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते.

घरात आणायचे असेल तर

ज्यांना पूर्वी कधी फिट आली आहे, त्यांनी लखलखत्या प्रकाशाचे खेळ डॉक्टरांना विचारूनच खेळावेत. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांनी दहा-पंधरा मिनिटांनी हात मोकळे करावेत. कंट्रोलर घट्ट आवळून न धरता मांडीवरच्या उशीवर टेकवावा. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला दुखू लागले की त्या दिवशी खेळ बंद.

चष्म्याची गंमत मला स्वतःला कळली. जवळचे-लांबचे एकत्र असलेला चष्मा लावून पडद्यावरची बारीक अक्षरे वाचताना आपण नकळत हनुवटी वर करतो आणि अर्ध्या तासात मान धरते. अक्षरे मोठी करण्याची सोय बहुतेक नव्या खेळांत असते, ती सर्वांत आधी शोधावी. बटण धरून ठेवण्याऐवजी एकदाच दाबायचे, अवघड कळा आपोआप पार पडतील असे करायचे, अशा सवलतीही पुष्कळ खेळांत मिळतात. नातवंडांकडून हे करून घ्यावे.

अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे आणि पाणी प्यावे. उठताना आधी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून क्षणभर थांबावे, कारण बराच वेळ बसून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. यंत्राच्या वायरी पायात येणार नाहीत अशा भिंतीलगत लावाव्यात. मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर कोणत्याही खेळापेक्षा महाग पडते. झोपेच्या निदान एक-दोन तास आधी चकमकीचा खेळ थांबवावा. यंत्र भाड्याचे असेल तर परत करण्यापूर्वी आपले खाते त्यातून काढून टाकावे, आणि आणल्यावर व परत देताना कंट्रोलर किंचित ओलसर कापडाने पुसावा.

ज्या आजी-आजोबांना खेळायचे नाही त्यांना आग्रह करू नये. शेजारी बसून पाहणे हाही सहभागच आहे. फक्त त्यांना गोष्ट सांगणारे कुणीतरी हवे. ज्या घरांत नातू आतल्या खोलीत दार लावून खेळतो आणि आजी बाहेरच्या खोलीत एकटी असते, त्या घरांना मी हल्ली एकच सांगतो: यंत्र बाहेरच्या टीव्हीला लावा, आजीची खुर्ची त्यासमोर ठेवा आणि ती जे विचारील त्याचे उत्तर द्या. तेवढे झाले की माझ्याकडे येण्याची गरज किती उरते, ते महिन्याभराने पाहू.